लाल हाय, काळी लो

आमच्या गल्लीतली वीज गेली की सगळ्यात आधी मला वाटतं, आपल्याच हातून काहीतरी झालं. शेजाऱ्यांच्या म्हशीनं एकदा दूध चोरलं, पान्हाच सोडेना, तेव्हा आदल्या दिवशी तिच्याजवळून जाताना मी हॉर्न वाजवला होता, हेच मला आठवत राहिलं. लग्नाच्या पंगतीत चार पानं पलीकडं कुणाला ठसका लागला तरी माझा घास तोंडातच अडकतो. बायको म्हणते, "तुमी जन्मल्या जन्मल्या रडला नसणार, 'चुकलं माझं' म्हणाला असणार."

आणि एवढं सगळं आत साठलेलं असून तोंडातून शब्द निघत नाही, ही दुसरी गंमत. आत कबुलीजबाब तयार, बाहेर कुलूप. आता पन्नाशी उलटली. एकदा कुलूप काढून बघावं म्हणून हे लिहायला बसलोय. सांगायचं आहे ते दुःखाचं नाही, आनंदाचंच आहे. म्हणूनच बहुतेक एवढा वेळ लागला.

मी मीटर तपासतो. उद्यमनगरातल्या एका बोळात, वरच्या मजल्यावर आमची लॅब आहे. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनच्या हातात जो मल्टीमीटर असतो, व्होल्ट-अँपिअर दाखवणारा, तो वापरून वापरून खोटं बोलायला लागतो. मग तो आमच्याकडं येतो. आमच्याकडं कॅलिब्रेटर नावाची एक पेटी आहे. तिला दहा व्होल्ट दे म्हटलं की ती दहाच व्होल्ट देते, केसभर इकडंतिकडं नाही. ते दहा व्होल्ट मीटरला द्यायचे आणि मीटर किती सांगतो ते बघायचं. फरक चालतो तेवढ्यात असला तर पास, नसला तर फेल. सोपं काम. पण मला ते कायम देवळातल्यासारखं वाटत आलं. कोण खरं आणि कोण खोटं हे निदान तिथं तरी कळतं.

मीटरसुद्धा आपापलं गाव घेऊन येतात. फौंड्रीतल्या मीटरचं बटण फिरवलं की काळी वाळू टेबलावर सांडते. साखर कारखान्यातल्या मीटरला मळीचा वास असतो, धुतला तरी जात नाही. मागावरून आलेल्या मीटरच्या फटीत कापसाचे तंतू असतात, चिमट्यानं काढावे लागतात. ते तंतू दिसले की मला सासुरवाडी आठवते. बायको कबनूरची. घराला लागूनच माग, दिवसभर खडखडाट. त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलत बोलत ती वाढली, तो आवाज लग्नानंतरही खाली आला नाही. गडमुडशिंगीत आमच्या घरी ती "चहा घेताय काय?" विचारते तेव्हा पलीकडच्या घरातून "घेतो की!" असं उत्तर येतं.

लॅबमध्ये मात्र शांतता. एसीची घरघर, कॅलिब्रेटरच्या पंख्याची बारीक गुणगुण, आणि मी.

इथं पहिली कबुली येते, तेवढी उरकून घेतो. बाहेरून आलेला मीटर लगेच तपासायचा नसतो. उन्हातून आलेला असतो, त्याला लॅबच्या थंड हवेत काही तास ठेवावं लागतं. आम्ही त्याला मुरवणं म्हणतो. मी वर्षानुवर्षं घरी फोन करून सांगत आलो, "मीटर मुरत ठेवलाय, उशीर होईल." बायको बिचारी "बरं, सावकाश या" म्हणायची. मीटर मुरायला माणूस लागत नाही, हे मी कधी तिला सांगितलं नाही. दुकानदारांचे, पावण्यांचे, नळाच्या बिलाचे सगळे विषय संपून घर शांत झालं असेल असा अंदाज घेऊनच मी गाडीला किक मारायचो. तोपर्यंत त्या थंड खोलीत मी आणि मीटर, दोघं मुरत बसायचो.

असं छान चाललं होतं. मग मालकांनी सॉफ्टवेअर आणलं.

मालक माझ्यापेक्षा थोडे मोठे, जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळं संध्याकाळ जवळ आली की त्यांचा जीव घड्याळात असतो. काम वाढलं होतं, माझा एकट्याचा हात पुरत नव्हता. ते म्हणाले, "हा प्रोग्रॅम हाताला धरून नेतोय बघा. कुठली वायर कुठं लावायची ते पडद्यावर सांगतोय, बटण कुठं फिरवायचं ते सांगतोय. मीटरनं काय दाखवलं तेवढं टाईप करायचं. पास-फेल तोच ठरवतोय. जाणकार माणूस नसला तरी चालतंय. वाचता येणारं, डोकं ठिकाणावर असलेलं कुणीतरी बघा."

मी घरी जाऊन हे सांगितलं. सांगायला नको होतं. भाजी वाढता वाढता सहज निघून गेलं, एरवी माझ्या तोंडातून काही निघत नाही आणि नेमकं हे निघालं.

बायकोनं डाव खाली ठेवला. "मला वाचता येतंय."

"येतंय की."

"डोकं ठिकाणावर हाय का न्हाय?"

या प्रश्नाला नवऱ्यानं एकच उत्तर द्यायचं असतं. ते मी दिलं.

ती थोडा वेळ गप्प बसली. हे आमच्या घरात इतकं क्वचित होतं की मी घाबरलो. मग हळू आवाजात म्हणाली, "पोरगी पुण्याला गेल्यापास्नं घरात मी आन फ्रिज, दोघंच बोलतोय. त्यो बी मधनंमधनं बंद पडतोय."

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. मालकांना आनंद झाला. "वहिनी येणार? मग काय प्रश्नच मिटला! तीन महिने बघू. लॅबच्या तपासणीला साहेब येणार हायत, त्यांच्यासमोर एक मीटर त्यांनी एकटीनं करून दाखवला की कायम."

हे सगळ्यांना सोयीचं होतं, एक मी सोडून. माझी थंड शांत खोली जाणार होती. आणि मुरण्याचं बिंग फुटणार होतं.

बिंग पहिल्याच आठवड्यात फुटलं. तिनं कपाटात मुरत ठेवलेल्या मीटरांच्या ओळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "हे असंच बसतंय व्हय इथं?"

"हो."

"मग तुमी कशाला बसताय? लोणचं मुरतंय म्हणून बरणीजवळ कोण बसतंय?"

मालक खोकला आल्यासारखं करून बाहेर गेले. मी स्क्रू ड्रायव्हर शोधत राहिलो, तो माझ्या हातातच होता. पुढं तिनं तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. न काढलेला विषय माझ्या छातीवर पाटा-वरवंट्यासारखा बसतो.

आणखी एक अडचण होती, तिची. घरी ती मला "आवं" म्हणते. मालकांसमोर, गिऱ्हाइकांसमोर नवऱ्याला "आवं" म्हणायला तिला लाज वाटायला लागली. "सर" म्हणायची कल्पना मी मांडली तेव्हा ती इतकी हसली की खुर्ची सरकली. दोन दिवस तिनं मला काहीच म्हटलं नाही, नुसतं टेबलावर टकटक करायची. तिसऱ्या दिवशी तिला मार्ग सापडला. अनोळखी माणसाला आपण जे म्हणतो तेच.

"ओ पावणं, ह्याची बॅटरी गेलीया वाटतं."

मी मागं वळून बघितलं, कुठला पाहुणा आला म्हणून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी पावणं. आणि खरं सांगू, मला ते आवडायला लागलं. इतक्या वर्षांच्या नवऱ्याला पाहुणा केलं की त्याची जरा विचारपूस होते. "पावणं, चहा घेणार न्हवं?" "पावणं, आज गप्प का?" मला आनंद झाला की माझे कान हलतात, असं ती म्हणते. आरशात मला कधी दिसलं नाही. पण त्या दिवसांत ती मधेच काम थांबवून म्हणायची, "हललं बगा, पावण्यांचं कान हललं."

काम ती भराभर शिकली. सॉफ्टवेअर इंग्रजीत होतं, पण त्यात वायरीचे फोटो होते. फोटोत दिसतंय तसं करायचं. शिवाय आमच्या टेबलावर कॅलिब्रेटरच्या वायरी मी कायम लावूनच ठेवायचो, काढायची वेळच येत नसे. तिला लावायला लागायचं ते फक्त मीटरच्या टोकाला, लाल लालमध्ये, काळी काळ्यात. एवढं बरोबर झालं की पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत जायची आणि ती प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची. आकडेसुद्धा. खालच्या मजल्यावरच्या लेथवाल्यानं एकदा जिन्यात मला थांबवून विचारलं, "वर हाऊजीचा खेळ सुरू केलाय काय?"

साहेब यायच्या आदल्या दुपारी मालक घाम पुसत आले. तपासणीला येणारे साहेब पुण्याकडचे, फार कडक, असं त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. "ते म्हणे पहिलं हेच विचारत्यात, ऑपरेटरला सूचना समजतात का. वहिनींना इंग्रजी सूचना दाखवून समजतात म्हटलं तर वाचून दाखवा म्हणणार. आत्ताच्या आत्ता मराठी करून टाका. होतंय का?"

होत होतं. सॉफ्टवेअरमध्ये सूचना बदलायची सोय होती. बायको त्या दिवशी कबनूरला भाच्याच्या बारशाला गेली होती. मी एकटा बसलो. शांतता होती. खूप दिवसांनी मिळालेली शांतता, तिचा मी पुरेपूर फायदा घेतला आणि आयुष्यभर जसा बोलत आलो तसाच लिहीत गेलो. एका शब्दात होत असेल तर दोन कशाला? "मीटर चालू." "बटण डीसी." "आकडा टाका." "पुढं." मराठी अक्षरं मोठी ठेवली, त्यांच्याखाली फोटो झाकले गेले. असू दे म्हटलं, एवढं सोपं लिहिल्यावर फोटो कशाला.

कॅलिब्रेटरला दोन भोकं असतात, वायरी खुपसायची. वरच्याला इंग्रजीत हाय म्हणतात, खालच्याला लो. वर जास्त, खाली कमी, एवढाच अर्थ. लाल वायर हायला लावायची, काळी लोला. हे मी असं लिहिलं:

"लाल हाय, काळी लो."

मी जन्माचा गडमुडशिंगीचा. आहेला हाय म्हणत लहानाचा मोठा झालो. रोज शंभर वेळा हाय म्हणतो. पण इतक्या वर्षांत यंत्राचं हाय आणि आपलं हाय माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलेच नव्हते. एक लॅबमध्ये राहायचं, एक घरी. अगदी माझ्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी पेढे आणले, उदबत्ती लावली, आणि काही सुचेना तेव्हा फडकं घेऊन कॅलिब्रेटर पुसायला घेतला. पुसताना वायरी काढल्या. परत लावायच्या वेळी लाल वायर खालच्या भोकात गेली. भोकांवरचे रंग आणि अक्षरं जुनी होऊन कधीच उडाली होती. काळी वायर लावायच्या आत खाली गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मालक फडक्यासकट जिन्याकडं पळाले. काळी तशीच टेबलावर पडून राहिली.

साहेब खरंच कडक दिसत होते. बारीक, पांढरा शर्ट, चष्मा, पेढा खाताना चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. बायको नव्या साडीत, वर लॅबचा निळा कोट. साहेब म्हणाले, "सुरुवात करा. आम्ही फक्त बघणार आहोत. कुणीही मदत करायची नाही, खूण नाही, काही नाही." हे म्हणताना ते माझ्याकडं बघत होते. गप्प बसा असं मला सांगायची वेळ आयुष्यात कुणावर आली नव्हती.

मीटर फौंड्रीतला होता. बायकोनं तो कपाटातून काढला, वाळू झटकली, मीटरच्या टोकाला वायरी लावल्या आणि सॉफ्टवेअर सुरू केलं. पडद्यावर माझी मराठी आली. ती खूष झाली. आपल्या नेहमीच्या, मागावरच्या आवाजात वाचलं:

"लाल हाय."

कॅलिब्रेटरकडं बघितलं. लाल वायर लावलेली होती. "व्हय, हाय की," ती म्हणाली.

"काळी लो."

आमच्याकडं हिंदी काय परकी नाही, उद्यमनगरात अर्धे कामगार तिकडचेच. लो म्हणजे घ्या. तिनं टेबलावर पडलेलं काळ्या वायरीचं मोकळं टोक घेतलं. आता मोकळं भोक एकच राहिलं होतं, वरचं. त्यात ते खुपसलं. "घेतली. पुढं."

लाल लोला, काळी हायला. उलटं.

मी तोंड उघडलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मी मिटलं.

पेटीनं दहा व्होल्ट दिले. वायरी उलट्या लावल्या की डीसी व्होल्ट उलटे दिसतात, उणे होऊन. बायकोनं आकडा वाचला, "वजा धा पॉईंट शून्य शून्य," आणि जसाच्या तसा टाईप केला, वजासकट. पडद्यावरची पहिली ओळ लालभडक झाली. फेल.

आणि इथं माझी दुसरी कबुली. खरी तीच. ती ओळ लाल झाली तेव्हा, तेवढ्यापुरतं, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात, मला बरं वाटलं. आता ही घरी राहील, खोली परत माझी, मीटर मुरत बसतील आणि मीही. हे सगळं एका झटक्यात मनात येऊन गेलं. पुढच्या क्षणी तिचा चेहरा दिसला. ती पडद्याकडं बघत होती, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. तो आवाज बंद झालेला मला सहन होईना. ज्या शांततेसाठी इतकी वर्षं खोटं बोललो ती समोर आली, तर तिच्यात मला गुदमरायला झालं.

दुसरी ओळ लाल. तिसरी लाल. मालकांच्या कपाळावर घाम. ती मात्र थांबली नाही. आकडा आला तसा टाकत राहिली, एकाही वजाकडं तिनं डोळेझाक केली नाही. मग एसी व्होल्टची पाळी आली. एसीला उलटसुलट काही नसतं, वायर कशीही लावा. ओळ हिरवी. आणखी एक हिरवी. तिनं माऊस सोडला, खुर्ची फिरवली आणि भर तपासणीत माझ्याकडं बघून म्हणाली:

"ओ पावणं! प्रोग्रॅम सांगतोय तसंच केलंय म्या. तरी एक मीटर दोन तोंडांनी बोलायलाय. काय चुकलंय?"

मालकांनी डोळे मिटले. साहेबांनी हात वर केला. मला वाटलं, संपलं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "अडलं की पुढं न रेटता थांबून विचारायचं, हेही ऑपरेटरचंच काम आहे. त्यांनी विचारलंय. आता तुम्ही बोला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घसा खाकरला आणि शक्य तितक्या कमी शब्दांत खुलासा केला.

"लाल हायला न्हाय."

"हाय की!" ती म्हणाली. "ही काय लाल! दिसंना व्हय?"

"लाल हाय. पण हायला न्हाय."

"हाय म्हणताय आन न्हाय बी म्हणताय. एक काय त्ये सांगा."

"लोला हाय."

"काळी लो म्हणून तुमीच लिवलंय! लो म्हटलं, घेतली!"

मालक मधे पडले. "वहिनी, वहिनी, हाय म्हणजे वरचं."

"वरचं काय हाय?"

"वरचं हाय हाय!"

"हाय हाय काय करताय, कुणी गेलंय काय?"

"एक मिनिट," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "लाल वायर आहे की नाही?"

"हाय!" आम्ही तिघं एकदम.

"म्हणजे हायला आहे?"

"न्हाय!" मी.

"हाय!" बायको.

"लोला हाय, साहेब," मालक कळवळून म्हणाले. "लाल लोला हाय आणि काळी हायला हाय, पायजे होती लाल हायला, हाय ती लोला!"

मग बायकोनं सावकाश मान वळवून पडद्यावरच्या माझ्या चार शब्दांकडं बघितलं. तिच्या डोक्यात दिवा पेटलेला मला इकडून दिसला.

"आवं," ती म्हणाली. पावणं विसरली, सरळ आवं. "वायरीची सूचना लिवायला सांगितल्याली, तुमी तार करून ठिवलीया! शब्दाला पैसं पडत हुतं काय?"

आणि मला हसू फुटलं.

हसू म्हणजे काय सांगू. आधी नाकातून आवाज आला, शिंकेसारखा. तो दाबायला गेलो तर पोटातून दुसरा आला. मग ते थांबेचना. मी टेबलाला धरलं. टेबल हलायला लागलं तसा मीटर हलला आणि फौंड्रीची उरलेली वाळू भुरूभुरू खाली सांडली, ती बघून आणखी आलं. मालक फडक्यात तोंड घालून हुंदके दिल्यासारखे हसत होते, त्यांच्या नाकाला कॅलिब्रेटरची धूळ लागली होती. बायको हसताना माझ्या पाठीत बुक्क्या घालत होती. साहेब भिंतीकडं तोंड करून उभे होते, शर्टाची पाठ तेवढी थडथडत होती. ते वळले, "तर मग लाल..." एवढं म्हणाले आणि परत भिंतीकडं वळले. खालून लेथवाला वर आला. "काय झालं? कुणाला शॉक बसलाय काय?" आणि मालकांनी त्याला गंभीर तोंडानं सांगायचा प्रयत्न केला, "काय न्हाय, लाल हाय..." की पुन्हा सगळे कोसळले.

मला आठवतं तसं त्या खोलीत मी त्याआधी कधी हसलो नव्हतो.

मग बायकोनं डोळे पुसले, वायरी बदलल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. ओळ हिरवी, हिरवी, हिरवी. प्रत्येक आकडा ती पुन्हा मोठ्यानं वाचत होती. दहा व्होल्टला "धा पॉईंट शून्य शून्य, वजा न्हाय!" असं म्हणाली.

साहेब निकाल सांगायला बसले तेव्हा त्यांचा चेहरा परत कडक झाला होता, पण डोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता. ते म्हणाले, ऑपरेटर योग्य आहेत. सूचना होती तशी पाळली, आकडे दिसले तसे टाकले, खटकलं तिथं थांबून विचारलं. मग माझ्याकडं वळले. "दोष सूचनेत आहे. संदिग्ध सूचना, लिहिणारे तुम्ही. भोकांवरचे रंगही नीट करून घ्या. पूर्ण वाक्यांत लिहा, आणि ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांना आधी वाचून दाखवा. एवढं केलं की मिटलं."

एवढं केलं की मिटलं! तुम्हाला कळणार नाही माझं काय झालं ते. गल्लीतल्या विजेपासून शेजाऱ्यांच्या म्हशीपर्यंत जगातला सगळा दोष डोक्यावर घेऊन हिंडणारा माणूस मी, पण तो दोष नक्की केवढा हे कधी कुणी मोजून दिलं नव्हतं. आज एका माणसानं चष्मा लावून मोजून दिला. चार शब्दांएवढा. मला साहेबांचा हात हातात घेऊन गदागदा हलवावासा वाटला. नुसतं "बरं" म्हणालो.

मालक सूर्य मावळायच्या आत पळाले. आम्ही दोघं गाडीवरून घरी निघालो. मागं बसून तिचं चाललं होतं, साहेबांचा शर्ट, मालकांचं नाक, पोरीला फोन करून कसं सांगायचं ते. गावाच्या फाट्याच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली.

"पंक्चर?" तिनं विचारलं.

"न्हाय. एक सांगायचं हाय."

ती उतरली. उसाची बैलगाडी शेजारून गेली, ती जाईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "पहिली ओळ लाल झाली तवा मला बरं वाटलं. तू फेल व्हावीस असं वाटलं. तेवढ्यापुरतं."

"ठावं हाय."

"कसं?"

"कान हललं."

मी कानाला हात लावला. ती हसली नाही, माझ्याकडं बघत राहिली. "आन दुसरी ओळ लाल झाली तवा रडकुंडीला आल्ता, त्ये बी बघितलं म्या. म्हणून तर इचारलं. म्हटलं, माझं ऱ्हाऊ दे, आता ह्यो माणूस पडतोय खाली." मग गाडीवर बसत म्हणाली, "बसा आता पावणं. आन ते मुरायचं बी ठावं हाय मला, ते काय आज सांगत बसू नका, सैपाक व्हायचाय."

सूचना आम्ही पुढच्या आठवड्यात नव्यानं लिहिल्या. ती सांगायची, मी टाईप करायचो, मालक मधूनच "वहिनी, एवढं मोठं पडद्यावर मावंना" म्हणायचे. पहिली सूचना आता अशी आहे: "पेटीला दोन भोकं हायत. वरच्या तांबड्या भोकात लाल वायर लावा, खालच्या काळ्या भोकात काळी. नीट बघून लावा, गडबड नको. लावली? मग पुढं." हायत बदलून आहेत करूया का असं मी विचारलं. ती म्हणाली, ज्यांनी वाचायचं त्यांना कळतंय. भोकांवर नवे रंग मी स्वतः दिले. शेवटची सूचना मी "संपलं" अशी ठेवली होती. तिथं आता येतं, "झालं बघा. चहा झालाय काय विचारा."

ती कायम झाली. लॅब आता शांत नसते. संध्याकाळी मीटरांची ओळ कपाटात थंड होत बसलेली असते. परवाच मी टेबल आवरत उगाच घुटमळत होतो, जुनी सवय. तिनं कोट काढून खुंटीला लावला आणि दारातून हाक मारली.

"ओ पावणं! मीटर मुरलं का न्हाय अजून?"

"मुरलं की," मी म्हणालो. "कवाच मुरलंय. चल, घरी जाऊया, वाटेत भाजी बी घ्यायची हाय, आन पोरीला फोन करूया, आन शेजारच्या म्हशीचं काय झालं ते तू मघाशी अर्धंच सांगितलंस."

ती दारातच थांबली. एवढं लांब वाक्य माझ्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"हललं," ती म्हणाली. "दोन्ही बी."